शिदूच्या इर्जिकीतला हरीक

शिदूने सकाळी कोंबडी अंड्यांवर बसवली आणि दुपार कलायच्या आत त्याच्या शेतात दहा-बारा माणसं आडवी झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं त्या सकाळी कोणी म्हटलं असतं, तर शिदूने त्याला वेड्यात काढलं असतं. कारण कोंबडी या विषयात अख्ख्या लोहगडवाडीत त्याच्याइतका जाणता माणूस दुसरा नव्हता. निदान तो तसं सांगायचा, आणि रोज सांगायचा.

शिदू मूळचा वाडीतलाच. मानमोडीच्या साथीत आई आणि बाप एकामागोमाग गेले तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा असेल. चुलत्याने त्याला लोणावळ्याला नेलं, ठेसनावर उभं केलं, विडी घेऊन येतो म्हणाला आणि थेट घरी आला. शिदूने त्या विडीची वाट दोन दिवस पाहिली, मग कुणाची तरी पेटी डोक्यावर घेतली. पेट्या वाहता वाहता तो एका पारशी बावाजीच्या बंगल्यात पोचला. तिथे त्याच्याकडे काम आलं कोंबड्यांचं. पांढऱ्याशुभ्र, लालभडक तुऱ्याच्या विलायती कोंबड्या. त्यांना जाळीचं घर होतं, वेळच्या वेळी दाणा होता, आजारी पडल्या तर औषध होतं. शिदूला यातलं काहीच नव्हतं, पण कोंबड्यांना आहे याचाच त्याला अभिमान वाटायचा. बावाजी गेले, बंगला विकला गेला. नव्या मालकाने पहिल्या पंधरवड्यात कोंबड्या खाऊन संपवल्या आणि शिदू बावाजींचं एक जुनं जाकीट अंगात घालून वाडीला परत आला.

तोपर्यंत लोणावळ्याला विजेची गाडी आली होती, आणि वाडीला शिदू आला होता. दोन्हींचा आवाज सारखाच, असं बजरंग म्हणायचा. भाकरी खाताना शिदू सांगायचा, लोणावळ्याला पाव असतो. पाऊस पडला की सांगायचा, लोणावळ्याला पत्रे असतात. बजरंगने त्याचं नाव ‘लोणावळेकर’ ठेवलं आणि ते चिकटलं. बापाची पडीक जमीन शिदूने पुन्हा कसायला घेतली खरी, पण वाडीच्या लेखी तो पाहुणाच होता. आला तसा एखाद्या दिवशी जाकीट घालून जाईल.

एकट्या कोंडूला तसं वाटलं नाही. कोंडूने त्याला आपली बहीण दिली. वाडी म्हणाली, पोर विहिरीत ढकललीस. कोंडू म्हणाला, विहिरीला पाणी तर हाय.

सावित्रा घरात आल्यावर तीन वर्षं शिदू सगळ्यांच्या इर्जिकीला गेला. इर्जिक म्हणजे एक दिवस सगळी वाडी एकाच्या शेतात उतरते. मजुरी कोणी मागत नाही, दिलीत तर राग येतो. घरधन्याने फक्त दुपारचं जेवण घालायचं, पण पोटभर म्हणजे पोटभर, आणि सगळे उठेपर्यंत स्वतः घास घ्यायचा नाही. ज्याच्या इर्जिकीला वाडी आली तो वाडीचा. शिदूने स्वतःची इर्जिक कधी घातली नव्हती. बोलावलं आणि कोणी आलंच नाही तर, या भीतीने तो आणि सावित्रा दोघंच महिना महिना भात कापत बसायची.

त्या वर्षी मात्र कोंडूच अडून बसला. दाजी, इर्जिक घाला, मी सांगतो समद्यांना. आणि तो खरंच दारोदार हिंडला. माझ्या शब्दाखातर या, म्हणाला. बजरंगने विचारलं की लोणावळेकर जेवायला पाव देणार की भात. कोंडू म्हणाला भात, आणि तुला दोनदा वाढतो. एवढ्यावर सगळे तयार झाले. म्हातारा भिमाजी, ज्याच्या ‘हं’शिवाय वाडीत खुंटी ठोकली जात नसे, तोसुद्धा ‘हं’ म्हणाला.

शिदूची छाती फुगली. ती दुसऱ्या दिवशी डबा उघडेपर्यंत फुगलेली राहिली.

हा डबाही लोणावळ्याचाच. बावाजींच्या कोठीत धान्य पत्र्याच्या डब्यांत असायचं, म्हणून शिदूने आदल्या साली तांदूळ कणगीत भरू दिले नव्हते. कणगी म्हणजे जंगली लोकांचं काम, शेण फासलेली टोपली. त्याने घासलेटचे रिकामे डबे आणले, धुतले, आणि पुरते वाळले की नाही हे न बघता तांदूळ भरून झाकणं ठोकली. राख नको, लिंबाचा पाला नको. मावळाचा पाऊस चार महिने त्या पत्र्यावर आपला ओलावा ठेवून गेला.

झाकण निघालं तेव्हा आधी बाहेर आली ती ऊब. नंतर वास. सावित्राने डब्याला कान लावला, तर आतून बारीक कुरकुर ऐकू येत होती, कुणीतरी लांबवर चणे खात असल्यासारखी. सुपात ओतलं तर तांदूळ कमी आणि पीठ जास्त. त्यातून काळे सोंडे आपापली सोंड पुढे करून चहूबाजूंना निघाले. तळाला तांदळाची ढेपच झाली होती, हिरवट पिवळी, हाताला मऊ. पोकळ दाणे बोटात दाबले की फुसकन फुटत होते.

“डबा तुमचा, तांदूळ तुमचे,” सावित्रा म्हणाली, “किडं बी तुमचेच. वाढा आता इर्जिकीला.”

तांदूळ उसने मागायचे तर ज्यांना जेवायला बोलावलं त्यांच्याकडेच मागावे लागले असते. घरात दुसरं होतं ते उताराच्या वरकस जमिनीतलं भरड धान्य, हरीक. नुकतंच निघालेलं. पण ते कापून पडलं असताना नेमका अवकाळी पाऊस आला होता, आणि झोडलं तेव्हा कणसं आतून दमट होती. सावित्राने ते उन्हात घातलं, पाखडलं, हुंगलं, पुन्हा उन्हात घातलं. थोडा कुबट वास येत होता. नंतर येईनासा झाला, किंवा नाकाला सवय झाली.

नवा हरीक आंधळेपणाने कोणी खात नाही. तो लागतो. भिजलेला, बुरसलेला हरीक तर हमखास लागतो. माणूस दारू न पिता झिंगतो आणि झिंगण्यावर थांबला तर नशीब म्हणायचं. म्हणून वाडीचा रिवाज असा की पहिली मूठ कोंबडीची. संध्याकाळी शिजवलेला हरीक कोंबडीला घालायचा, तिला डालग्याखाली झाकायचं आणि सकाळी डालगं उचलायचं. कोंबडी सरळ चालत जाऊन उकिरडा उकरायला लागली, तर माणसांनी जेवायला बसावं. ती डुलली, तर हरीक वर्षभर बाजूला. जुना झाला की निवतो.

सावित्राने रीतीप्रमाणे कोंबडी झाकली. सकाळी पाण्याला जाताना शिदूला सांगून गेली की डालगं उचला आणि कोंबडी बघा.

शिदूने डालगं उचललं. कोंबडी पिसं फुलवून, मान आत ओढून, डोळे अर्धे मिटून बसली होती. हुसकावलं तरी हलेना. बावाजींच्या बंगल्यात शिदूने अशा शेकडो कोंबड्या पाहिल्या होत्या. ही खुडूक झाली, अंडी उबवायला आली! सावित्रा आठ-दहा दिवस कोंड्यात अंडी साठवून खुडूक कोंबडीची वाट बघत होती. शिदूने तिला अलगद उचलून अंड्यांवर ठेवलं. विलायती कोंबड्या अशा वेळी हात रक्तबंबाळ करायच्या, हिने चोचसुद्धा उचलली नाही. गावठी असून किती गुणाची, असं त्याला वाटलं.

सावित्रा घागर घेऊन आली. तिने विचारलं, कोंबडी? तो म्हणाला, फस्टक्लास, खुडूक बसलीय, अंड्यांवर ठिवली. तिचा चेहरा उजळला. खुडूक कोंबडी म्हणजे धडधाकट कोंबडी, हा हिशेब दोघांनीही मनातल्या मनात केला. सावित्राने चुलीवर मोठं भांडं चढवलं.

दुपारी बांधावरच्या जांभळीखाली पंगत बसली. निम्मं शेत कापून झालं होतं. वाटाण्याची आमटी आणि हरकाचा भात. बजरंग म्हणाला, लोणावळ्याला हरीक मिळतो का हो? शिदू म्हणाला, मिळत न्हाई म्हणून तर हितं आलो. सगळे हसले, आणि त्या हसण्यात पहिल्यांदाच टोचणी नव्हती. हातात भांडं घेऊन उभ्या असलेल्या शिदूला वाटलं की आता आपण पोचलो.

कोंडू तिसऱ्यांदा भात घेत होता. शब्द त्याचा होता ना. “वाढा दाजी,” तो म्हणाला. “मी बोलावलंय समद्यांना, मलाच लाजायचं काम न्हाई.”

जेवण उरकून माणसं पुन्हा कापणीला लागली. शिदू आणि सावित्रा आता कुठे आपली ताटं वाढून घेत होती. तेवढ्यात बजरंग हसायला लागला. विळ्याकडे बघून हसत होता. विळा वाकडा आहे, म्हणत होता. विळा वाकडाच असतो, असं शेजारच्याने सांगितलं तर त्याला ते इतकं हसू आणणारं वाटलं की तो भाताच्या पेंढीवर बसला आणि मग त्याला उठता येईना. पलीकडे भिमाजी कंबरेवर हात ठेवून उभा होता. तो अगदी शांतपणे म्हणाला की शेत हलतंय. मग दोघं जण बांधाशी जाऊन ओकायला लागले.

शिदूचं डोकं सणकलं. आपल्या इर्जिकीत, आपल्या शेतात, ही माणसं पिऊन आली! तो तरातरा गेला आणि बजरंगचं तोंड हुंगलं. दारूचा वास नव्हता. वाटाण्याच्या आमटीचा होता. बजरंगचे हात थरथर कापत होते आणि तो आता हसत नव्हता, तरी तोंड हसल्यासारखंच राहिलं होतं.

एकामागून एक माणसं खाली बसत होती. कुणी विळा टाकून, कुणी हातातच धरून. कोंडू मात्र उठला. नावेत उभं राहिल्यासारखा पाय फाकून दोन-चार पावलं शिदूकडे आला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि कापलेल्या भाताच्या खुंटांवर तोंडघशी पडला. हात पुढे टेकले नाहीत. पोतं पडावं तसा पडला.

सावित्राने शिदूच्या ताटाला लाथ मारली. आमटी-भात मातीत गेला. आपलं ताट तिने तिथेच टाकलं आणि ती घराकडे पळाली. परत आली तेव्हा तिच्या हातात पायांना धरलेली कोंबडी होती. मान खाली लोंबत होती. तिने ती शिदूच्या पायाशी ठेवली.

“ही खुडूक हाय व्हय?” ती म्हणाली. ओरडून नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शिदूला काही सुचेना. सावित्राला सुचलं. हरकावर ताक. पोटात जाईल तितकं ताक. पण वाडीत त्या दिवसांत एकच म्हैस दुभती होती आणि तिच्या ताकाने दोन माणसांचंही भागलं नसतं. खाली भाजे गावात रखमाजीच्या घरी तीन म्हशी होत्या. सावित्राने शिदूच्या हातात घागर दिली आणि त्याला अक्षरशः ढकललं.

तो कसा उतरला ते त्याला नंतर सांगता आलं नाही. रखमाजीची बायको झुंबरबाई पडवीत कणगी लिंपत होती. हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले. शिदू दम खात उभा राहिला आणि म्हणाला, मावशी, थोडं ताक. झुंबरबाईने विचारलं, कशाला? तो म्हणाला, पाव्हणे आलेत. काय सांगणार होता? इर्जिकीला वाडी बोलावली आणि विष वाढलं? ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. शिदूने तर एवढी मोठी घागर धोतराच्या सोग्याआड धरली होती.

झुंबरबाईने घागरीकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. जाकिटाची बटणं तुटलेली, गुडघे फुटलेले.

“थोड्या ताकाला घागर व्हय रे?” ती म्हणाली. “किती पाव्हणे हायेत? आन् तू रडतोस कशापायी?”

मग त्याने सांगितलं. सगळं. डबा, हरीक, कोंबडी. कोंबडीपाशी आल्यावर झुंबरबाईने कपाळाला हात लावला, शेणासकट. ती तडक आत गेली. सकाळचं घुसळलेलं ताक होतं तेवढं सगळं तिने घागरीत ओतलं, विरजलेल्या दह्याचं भांडंही त्यातच रिकामं केलं, वर चिंचेचा गोळा दिला. शेजारणींच्या दारात उभी राहून हाका मारल्या आणि आणखी एक घागर भरली. ती गेणू नावाच्या गड्याच्या डोक्यावर दिली. शिदू म्हणाला की मी याचं काय ते देईन. तिला रागच आला.

“ताक का कुणी इकतं? मेल्या, पळ. माणसं उठली म्हंजी कारवीचे दोन भारे आणून टाक, माजी कणगी मोडाय आलीय.”

वर आल्यावर सावित्राने आणि बायकांनी एकेकाचं डोकं धरून ताक पाजायला सुरुवात केली. माणसं प्यायली, ओकली, पुन्हा प्यायली. दिवस मावळायच्या सुमाराला बजरंग उठून बसला आणि आपला विळा शोधू लागला. मग दुसरा उठला, मग तिसरा. डोकी जड, हात लटपटते, पण उठले. भिमाजी जांभळीला टेकून बसला होता. त्याने एकेक माणूस नजरेने मोजला. कोंडूपाशी थांबला.

कोंडू उठत नव्हता. श्वास चालू होता, पण लांब लांब, मधेच थांबल्यासारखा. पापण्या उघडल्या तर डोळे वर गेलेले. तिसऱ्यांदा घेतलेला भात होता तो. सावित्राने भावाचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती शिदूकडे बघत नव्हती. शिदू पळसाच्या पानाची पन्हाळ करून थेंब थेंब ताक कोंडूच्या ओठांत सोडत होता. अर्धं आत जायचं, अर्धं मानेवरून खाली.

भिमाजी काठी टेकत त्यांच्यापाशी आला. आवाज अजून जड होता.

“कोंडू उठला तर उंद्या इर्जिक पुरी करू,” तो म्हणाला. “न्हाई उठला तर शिदू, तू हितं ऱ्हाऊ नको. मी काय करनार न्हाई. पर पोरं काय करतील, मला सांगता येत न्हाई.”

शिदूने मान हलवली. त्याने पान पुन्हा भरलं.

कोंडूला घरात नेलं. रात्र कशी गेली ते सावित्रा कधी बोलली नाही आणि शिदूही बोलला नाही. एवढंच कळतं की तांबडं फुटलं तेव्हा चुलीजवळ ताकाची घागर रिकामी होती आणि शिदूच्या हातातलं पान फाटून चोथा झालं होतं. कोंडूने डोळे उघडले. आढ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, मग शिदूकडे बराच वेळ पाहिलं. जीभ जाड झाली होती.

“दाजी,” तो म्हणाला, “तुमी जेवला का?”

शिदू जेवला नव्हता. आदल्या दिवशीच्या सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं आणि ते त्याला त्या क्षणापर्यंत आठवलंही नव्हतं. तो उठून बाहेर गेला आणि भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला.

ऊन वर आलं तसं शेतात वाडी उतरली. भिमाजीचा शब्द होता. बजरंग आला, बाकीचे आले, चेहरे पिवळे पडलेले, पण आले. शिदू बांधावर उभा होता. आणि मग त्याला दिसलं की प्रत्येकाच्या कमरेला, नाहीतर विळ्याच्या मुठीला, फडक्यात बांधलेली भाकरी आहे.

इर्जिकीला माणूस घरून भाकरी आणत नाही. आणली तर त्याचा अर्थ सरळ आहे: तुझ्या हातचं खाणार नाही. शिदूला वाटलं, कुणीतरी येऊन चार शिव्या द्याव्यात, एक मुस्काटात द्यावी. पण विळे चालू लागले. कोंडूला बहिणीने हाताला धरून आणलं होतं, तो घोंगडी पांघरून जांभळीखाली बसला आणि तिथून हुकूम सोडू लागला.

दुपारी माणसं बसली. फडकी सुटली. शिदू आणि सावित्रा लांब उभी राहिली, घरधन्याने उभं राहायचं तशी. फक्त वाढायला हातात काही नव्हतं. एवढं लाजिरवाणं उभं राहणं शिदू लोणावळ्याच्या ठेसनावरही कधी उभा राहिला नव्हता, तिथे निदान विडीची आशा होती.

भिमाजीने आपली भाकरी मोडली. अर्धी हातात धरली, अर्धी पुढे केली.

“काल उपाशी ऱ्हायलास म्हनं,” तो म्हणाला. “बस हितं.”

शिदू हलेना. बजरंगने सरकून जागा केली आणि भाकरीवर कांदा ठेवला. “खा लोणावळेकर,” तो म्हणाला, “आमी अगुदर कोंबडीला घालून बघितलीय. ती नाचली बी.”

कोंडू इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि सगळे घाबरून त्याच्याकडे वळले. त्या गडबडीत शिदू बसला. त्याने भाकरी सगळी खाल्ली. भिमाजी बघत होता.

भात कापून झाला. पुढच्या इर्जिकीला त्याला बोलावणं आलं आणि त्याच्या पुढच्या इर्जिकीला वाडीही आली. आता भाकरी न बांधता. मात्र बजरंग पहिला घास तोंडात घालायच्या आधी एकदा शिदूकडे बघतो, आणि शिदू एकदा सावित्राकडे बघतो. कोंडूच्या डाव्या हाताला अजून थोडा कंप आहे. विडी पेटवताना काडी विझते. तो वाऱ्यावर राग काढतो, शिदू काडी धरतो.

घासलेटचे डबे शिदूने कड्यावरून खाली टाकले. लोणावळ्याचं नाव तो आता घेतो, पण आधी इकडेतिकडे बघून. कणगी सावित्रा लिंपते आणि तो शेण कालवतो. तांदूळ दाताखाली कट्‌ वाजल्याशिवाय आत जात नाही, आणि वरून राखेचा थर तो स्वतः पसरतो, गरजेपेक्षा जाडच.

झुंबरबाईच्या कारवीसाठी तो त्याच थंडीत कड्याखाली गेला आणि दोन भारे कापले. पहिला तिच्या अंगणात नेऊन टाकला. तिने उलटसुलट करून बघितला, बारीक आहे म्हणाली, आणि ठेवून घेतला. दुसरा तो घेऊन निघाला होता. पण वाटेत घर लागलं, आणि घरात कणगी ओल्या भुईवर टेकलेली होती. त्या भाऱ्याचा माच झाला. आता कणगी जमिनीपासून हातभर वर आहे.

दर बाजारच्या दिवशी झुंबरबाई त्याला हटकते. तो म्हणतो, आणतो मावशी, ह्या थंडीला नक्की.